दोन पायांवाचून गगनास गवसणी : ग्रुप कॅप्टन डग्लस बाडर

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत परक्या देशाच्या, परक्या धर्माच्या आणि एके काळी आपल्यावर राज्य करणाऱ्या लोकांपैकी एका पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकबंधुभगिनींच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ निजले असता, किल्लारीची भूमी हादरली आणि दगडामातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो जीव गेले. त्यांच्यासाठी आपण दरवर्षी हात जोडतो. परंतु जे ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले आणि पुढचे सारे आयुष्य मोडक्या देहानिशी कंठू लागले, त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी राहिली? घरात अपंग माणूस असला की त्याला जेवूखाऊ घालावे, सणासुदीला नवे वस्त्र द्यावे आणि सोयरिकीची बोलणी निघाली म्हणजे मात्र त्याला आतल्या खोलीत बसवावे, ही रीत अनेक सुखवस्तू घरांतूनही आढळते. दोन्ही पाय गमावलेल्या ज्या पुरुषाने अशा आतल्या खोलीत बसण्याचे साफ नाकारले, त्याची ही हकीकत आहे.

त्यांचे आडनाव इंग्रजीत बाडर असे उच्चारतात. रोमन अक्षरांवरून कोणी ते बेडर असे वाचले, तर उच्चार चुकेल, पण मराठी अर्थ अचूक लागेल.

डग्लस रॉबर्ट स्टुअर्ट बाडर ह्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९१० रोजी लंडन येथे झाला. वडील स्थापत्यशास्त्रज्ञ असून हिंदुस्थानात नोकरीस होते. तान्ह्या मुलाला आप्तांकडे ठेवून आईबाप हिंदुस्थानात परतले, आणि डग्लस दोन वर्षांचा झाल्यावर त्याला इकडे आणण्यात आले. हे वास्तव्य जेमतेम वर्षभराचे ठरले. १९१३ मध्ये हे कुटुंब मायदेशी गेले. पुढे पहिल्या महायुद्धात वडील फ्रान्समध्ये जखमी झाले आणि त्याच जखमांच्या विकाराने १९२२ साली सेंट ओमेर ह्या फ्रेंच गावी निवर्तले. ह्या गावाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. दैवगती अशी विचित्र, की मुलाच्या आयुष्यातही ते पुन्हा यावयाचे होते.

आईने पुनर्विवाह केला. सावत्र वडील धर्मोपदेशक, स्वभावाने मऊ. आणि मुलगा मात्र हूड, मानी व कोणाचेही न ऐकणारा. अभ्यासापेक्षा मैदानावर त्याचा जीव अधिक. ऑक्सफर्ड येथील सेंट एडवर्ड्‌स शाळेत शिक्षण झाल्यावर १९२८ मध्ये स्पर्धा परीक्षेत वरचा क्रमांक मिळवून तो क्रॅनवेलच्या वैमानिक विद्यालयात दाखल झाला. १९३० साली त्याला अधिकारपद मिळून केनली येथील २३ व्या लढाऊ तुकडीत नेमणूक झाली. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर नावाचे तरुण पहिल्या महायुद्धात ह्याच २३ व्या तुकडीतून उड्डाण करीत असत. २७ जून १९१८ रोजी ते शत्रूच्या हद्दीत पडले आणि तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत त्यांचा अंत झाला. त्या मराठी मुलखातल्या वीराचे नाव आज किती घरांत ठाऊक आहे, हा विचार मनाला टोचतो.

तरुण बाडरचे विमानावरील प्रभुत्व असामान्य होते. १९३१ च्या हेन्डन येथील हवाई प्रात्यक्षिकांत त्याच्या कसरतींनी हजारो प्रेक्षक थक्क झाले. रग्बीच्या खेळातही त्याचे नाव इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी घेतले जाऊ लागले होते. एकविसाव्या वर्षी एवढे यश पदरी पडले म्हणजे माणसाला भय उरत नाही, आणि विवेकही थोडा सुटतो. १४ डिसेंबर १९३१ रोजी रेडिंगजवळच्या वुडली विमानतळावर काही मंडळींनी त्याला कसरत करून दाखविण्याविषयी डिवचले. जमिनीलगत अशा कसरती करण्यास मनाई होती. तरीही त्याने विमान धावपट्टीला घासून जाईल इतक्या खाली आणले आणि कुशीवर वळविले. डाव्या पंखाचे टोक जमिनीस लागले. क्षणार्धात विमानाचा चुराडा झाला.

रॉयल बर्कशायर इस्पितळात लिओनार्ड जॉइस ह्या निष्णात शल्यविशारदांनी त्याचे प्राण वाचविले, परंतु उजवा पाय गुडघ्याच्या वरून आणि काही दिवसांनी डावा पाय गुडघ्याच्या खालून कापावा लागला. असे सांगतात, की ग्लानीत पडलेल्या त्या तरुणाच्या कानावर दाराबाहेरून एका परिचारिकेचे शब्द आले. आत एक मुलगा मरणाच्या दारी आहे, तेव्हा गलबला करू नये, असे ती कोणास बजावीत होती. त्या शब्दांनीच तो जागा झाला आणि मरावयाचे नाही असे त्याने मनाशी ठरविले. पुढे आपल्या उड्डाणवहीत त्याने ह्या अपघाताची नोंद अवघ्या काही शब्दांत केली. त्यात दोष कोणाला दिला नाही, दैवालाही नाही. चूक आपली होती, हे त्याने मुकाट्याने मान्य केले.

आता खऱ्या कसोटीस आरंभ झाला. माझ्या मते बाडर ह्यांच्या चरित्रातला सर्वांत मोठा पराक्रम आकाशात घडलाच नाही. तो १९३२ साली रोहॅम्प्टनच्या इस्पितळातील दोन लाकडी कठड्यांच्या मधल्या काही हातांच्या वाटेवर घडला. तेथे डेसूटर बंधूंच्या कारखान्यातून त्यांच्यासाठी हलक्या धातूचे पाय बनवून घेण्यात आले. त्या बंधूंपैकी एक स्वतःच पूर्वी वैमानिक असून विमान अपघातात पाय गमावलेले होते. एक पाय कृत्रिम असला तर दुसऱ्या सजीव पायाचा आधार असतो. गुडघा शाबूत असला तर तोल सावरता येतो. बाडर ह्यांना उजवीकडे गुडघाही नव्हता. अशा माणसाने काठीवाचून चालणे अशक्य आहे, हे जाणत्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी काठी हातीच धरली नाही. ते पडत, घामाने निथळत, उरलेल्या मांडीचे कातडे सोलवटून निघे. आणि उठून पुन्हा चालू लागत. काही महिन्यांत ते जिने चढू लागले, मोटार चालवू लागले, नाचूही लागले. पुढे गोल्फ शिकताना चेंडू मारला की तोल जाऊन जमिनीवर आदळावे, असे कित्येक वेळा झाले. परंतु कालांतराने त्या खेळात त्यांनी धडधाकट गड्यांना हरविले. मदतीसाठी कोणी हात पुढे केला की त्यांना संताप येई. हा संताप काहींना उद्धटपणा वाटे, आणि पुष्कळदा तो उद्धटपणा असेही.

विमान मात्र त्यांच्यापासून दूर गेले. चाचणीत त्यांनी पूर्वीइतकेच सफाईने उड्डाण करून दाखविले, पण पाय नसलेल्या वैमानिकाची तरतूद नियमांत नव्हती. १९३३ मध्ये त्यांना सेवेतून निवृत्त करण्यात आले. त्यांनी एका तेलकंपनीच्या कचेरीत नोकरी धरली. ह्याच काळात चहाच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या थेल्मा एडवर्ड्‌स ह्या तरुणीशी त्यांचा परिचय झाला आणि ५ ऑक्टोबर १९३३ रोजी दोघे विवाहबद्ध झाली. वराला दोन्ही पाय नाहीत, नोकरी बेताची, पुढचा भरवसा नाही. आपल्याकडे अशा स्थळाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. थेल्माबाईंनी ३७ वर्षे हा संसार केला आणि त्यातली जवळजवळ चार वर्षे पती शत्रूच्या कैदेत असताना एकटीने काढली. चरित्रकारांनी त्यांना फार थोडी पाने दिली आहेत.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले आणि वैमानिकांची निकड भासू लागली. बाडर ह्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा चाचणी दिली आणि ह्या वेळी नियमांचे दार उघडले. इंग्रजी लढाऊ विमानांत चाकांचे ब्रेक हाताने दाबावयाचे असल्यामुळे कृत्रिम पायांनी केवळ सुकाणूची पट्टी ढकलणे एवढेच काम उरत असे, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. आणखी एक चमत्कारिक लाभ सांगतात. वेगाने वळण घेताना वैमानिकाचे रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते व त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. बाडर ह्यांना पायच नसल्यामुळे रक्ताला उतरण्यास तेवढी जागा कमी, म्हणून ते इतरांहून अधिक काळ शुद्धीवर राहत, असे त्यांचे सहकारी मानीत.

१ जून १९४० रोजी डंकर्कच्या किनाऱ्यावर त्यांनी पहिले शत्रुविमान पाडले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्याकडे २४२ व्या तुकडीचे नेतृत्व आले. ह्या तुकडीत बहुतेक कॅनडाचे वैमानिक होते. फ्रान्समध्ये त्यांची जबर हानी झाली होती, वरिष्ठांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि आता सरकारने आपल्यावर एक पांगळा नायक लादला, ह्या विचाराने ती मंडळी अधिकच खट्टू झाली. बाडर ह्यांनी भाषण केले नाही. ते एका हरिकेन विमानात चढले आणि सुमारे अर्धा तास त्यांनी विमानतळाच्या माथ्यावर अशा कसरती केल्या, की खाली उभे असलेले ते रुसलेले तरुण एकमेकांकडे पाहत राहिले. तुकडीपाशी हत्यारे व सुटे भाग नव्हते. ते हाती येईपर्यंत आपली तुकडी युद्धास सज्ज नाही, असे त्यांनी वरिष्ठांना बेधडक कळविले, आणि सामान आले.

त्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जे घनघोर युद्ध झाले त्यात आपल्या मुलखाचाही अप्रत्यक्ष वाटा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १५२ आणि २५३ ह्या क्रमांकांच्या ब्रिटिश लढाऊ तुकड्यांना हैदराबादचे नाव होते, कारण त्यांच्या विमानांसाठी निजामाने द्रव्य दिले होते. औसा तेव्हा निजामाच्याच राज्यात. मराठवाड्याच्या काळ्या मातीतून वसूल झालेला शेतसारा त्याच खजिन्यात जात असे. देणाऱ्या रयतेला कोणी विचारले नव्हते, हे निराळे.

बाडर ह्यांचे मत असे पडले, की तुकड्या सुट्या सुट्या पाठविण्यापेक्षा तीन किंवा पाच तुकड्यांचा एक मोठा व्यूह करून शत्रूवर तुटून पडावे. १५ सप्टेंबर १९४० च्या निर्णायक दिवशी अशा पाच तुकड्यांचे, सुमारे ६० विमानांचे, नेतृत्व त्यांनी लंडनवर केले. ह्या व्यूहाविषयी पुढे मोठा वाद माजला. एवढी विमाने गोळा होण्यास वेळ लागतो व तोवर शत्रू बॉम्ब टाकून निघून जातो, असे दक्षिण विभागाचे प्रमुख कीथ पार्क ह्यांचे म्हणणे होते. आज उपलब्ध असलेल्या दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांवरून पाहता पार्क ह्यांची बाजू पुष्कळ अंशी खरी ठरते, आणि मोठ्या व्यूहाने पाडल्याचे सांगितलेले आकडे फुगलेले होते असे दिसते. तरीही वादाची परिणती पार्क आणि त्यांचे सरसेनापती डाउडिंग ह्यांना पदावरून हलविण्यात झाली. बाडर ह्यांच्या शौर्याला ह्याने बाध येत नाही. त्यांच्या हट्टाने दोन थोर सेनानींवर अन्याय होण्यास हातभार लागला, एवढे मात्र म्हटले पाहिजे. स्वतः बाडर ह्यांनी युद्धात वीसहून अधिक विमाने पाडली. डी. एस. ओ. आणि डी. एफ. सी. ही दोन्ही शौर्यपदके त्यांना प्रत्येकी दोनदा मिळाली. फ्रान्सनेही त्यांचा गौरव केला.

९ ऑगस्ट १९४१ रोजी फ्रान्सवरील चढाईत त्यांचे विमान शेपटीपासून तुटले. शत्रूच्या विमानाशी टक्कर झाली, की शत्रूची गोळी लागली, की गोंधळात आपल्याच माणसाकडून गोळी सुटली, ह्यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. छत्री घेऊन उडी टाकताना उजवा कृत्रिम पाय विमानात अडकला. विमान वेगाने खाली चालले होते आणि ते त्या पायाने त्याला लटकत होते. अखेर चामड्याचा पट्टा तुटला, पाय विमानाबरोबर गेला आणि माणूस वाचला. खरा पाय असता तर बाडर तेथेच संपले असते.

ते जेथे उतरले ते सेंट ओमेरचे परिसर होते. वडिलांचा जेथे अंत झाला त्याच गावच्या इस्पितळात जर्मन पहाऱ्यात पुत्र येऊन पडला. जर्मन वैमानिकांनी त्यांना वीराचा मान दिला. नामांकित जर्मन वैमानिक अडोल्फ गालांड ह्यांनी त्यांना आपल्या तळावर चहास बोलाविले व आपल्या विमानात बसूनही पाहू दिले. नवा पाय आणून टाकण्यासाठी इंग्रजी विमानास निर्धोक वाट देण्याची तयारी जर्मनांनी दाखविली. इंग्रजांनी पाय पाठविला, पण सवलत नाकारली. १९ ऑगस्ट रोजी बॉम्बफेकीस निघालेल्या विमानांतून वाटेत त्या पायाची पेटी छत्रीने खाली सोडण्यात आली.

ह्याच सुमारास बाडर ह्यांनी दुरुस्त केलेला जुना पाय लावून, चादरींना गाठी मारून इस्पितळाच्या खिडकीतून रात्री पलायन केले. ल्युसिल नावाच्या एका फ्रेंच परिचारिकेने वाट जमविली आणि गावातील एका वृद्ध दांपत्याने त्यांना आपल्या घरी दडविले. फितुरी झाली. बागेतल्या झोपडीत गवताखाली ते सापडले. ती परिचारिका व ते दांपत्य ह्यांची रवानगी जर्मनीत सक्तमजुरीवर झाली. सुदैवाने युद्धानंतर ते परतले. पकडले गेल्यास वैमानिकाला छावणी होती, त्या साध्या माणसांना मात्र फासही लागला असता. बाडर ह्यांच्या नावाचे चित्रपट निघाले, त्या म्हाताऱ्या नवराबायकोचे नाही.

पुढे एका छावणीतून दुसऱ्या छावणीत, अशी त्यांची फिरती सुरू झाली. जेथे जात तेथे पहारेकऱ्यांना हैराण करीत आणि पळून जाण्याचे बेत रचीत. एकदा लाम्सडोर्फच्या छावणीतून दुसऱ्याच सैनिकाच्या नावाने मजुरांच्या टोळीत शिरून विमानतळ गाठावा व विमान पळवावे, एवढे धाडस त्यांनी योजिले होते. बेत उघडकीस आला. शेवटी १८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना कोल्डिट्झच्या गढीत आणून टाकले. डोंगरकड्यावरची ही गढी खास पळपुट्या कैद्यांसाठी राखलेली होती. आपला औशाचा भुईकोट ज्यांनी पाहिला आहे त्यांना जाड तटांची कल्पना येईल. कोल्डिट्झ मात्र उंच, अरुंद जिन्यांचे, आणि धातूच्या पायांना ते जिने म्हणजे नित्याची शिक्षा.

त्या जिन्यांवरून त्यांना पाठीवर घेऊन चढविण्या-उतरविण्याचे काम अॅलेक्स रॉस ह्या स्कॉटिश शुश्रूषा-सैनिकाकडे होते. रुग्णसेवक म्हणून १९४३ मध्ये त्याला मायदेशी पाठविण्याची तयारी जर्मनांनी दर्शविली. बाडर ह्यांनी परस्पर नकार दिला. रॉस आपल्यासाठी हवा, असे त्यांचे म्हणणे. तो बिचारा आणखी दोन वर्षे कैदेत राहिला. पराक्रमी पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याचे दोष पोटात घालण्याची आपली रीत आहे. ती येथे मला सोडावीशी वाटते, कारण ज्या पुरुषाने आयुष्यभर कोणाचा हात धरला नाही तोही दुसऱ्याच्या पाठीवरून जात होता, हे सत्य अपंगांच्या घरच्या मंडळींना चटकन उमगेल. सेवा करणाऱ्याच्या आयुष्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक अशा घरात असतो आणि तो क्वचितच कोणी विचारतो.

१५ एप्रिल १९४५ च्या सुमारास अमेरिकन सैन्याने कोल्डिट्झ मुक्त केले. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी लंडनवरून विजयाप्रीत्यर्थ तीनशे विमानांचे जे संचलन झाले त्याच्या अग्रभागी बाडर होते. १९४६ मध्ये ग्रुप कॅप्टन ह्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन ते जुन्याच तेलकंपनीत परतले. पॉल ब्रिकहिल ह्यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यावरील चित्रपट १९५६ मध्ये आला, आणि त्यांचे नाव जगभर घरोघर गेले.

ह्या कीर्तीचा त्यांनी जो उपयोग केला तो त्यांच्या लढायांपेक्षा मला मोलाचा वाटतो. कामानिमित्त देशोदेशी फिरताना ते तेथील इस्पितळांत जात, पाय गमावलेल्या माणसांना, विशेषतः मुलांना, भेटत. सांत्वन करीत नसत. विजार वर करून धातूचे पाय दाखवीत आणि काही पावले चालून दाखवीत. अपंगांच्या सेवेबद्दल १९५६ मध्ये त्यांना सी. बी. ई. हा मान आणि १९७६ मध्ये सर ही पदवी मिळाली.

राजकारणात मात्र त्यांची मते हेकट राहिली. आफ्रिकेतील ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांनी बहुसंख्य काळ्यांवर चालविलेल्या सत्तेची त्यांनी पाठराखण केली. ज्या माणसाने देहाच्या उणिवेवरून कोणाची योग्यता ठरवू नये हे जगाला शिकविले, त्याला कातडीच्या रंगावरूनही ती ठरवू नये हे उमगले नाही. जन्मावरून माणसाची उंची मोजण्याचा हा रोग आपल्याला परका नाही, म्हणून ज्ञातिसंस्थेच्या अंकात तरी ह्याचा उल्लेख गाळणे बरे दिसले नसते.

कैदेतून निसटण्याची जिद्द हा काही एका देशाचा ठेवा नव्हे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती पडलेले पुण्याचे वैमानिक दिलीप परुळकर १३ ऑगस्ट १९७२ रोजी दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत पोहोचून मग पकडले गेले. त्यांची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

थेल्माबाई १९७१ च्या जानेवारीत कर्करोगाने निवर्तल्या. १९७३ मध्ये बाडर ह्यांनी जोन मरे ह्यांच्याशी विवाह केला. ५ सप्टेंबर १९८२ रोजी लंडनमध्ये एका जुन्या सेनानीच्या गौरवार्थ झालेल्या भोजनसमारंभाहून परतताना मोटारीतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. वय ७२ वर्षांचे होते. त्यांपैकी ५० वर्षे ते कृत्रिम पायांवर चालले. त्यांच्या निधनानंतर आप्तमित्रांनी व जुन्या वैमानिकांनी त्यांच्या नावे एक न्यास स्थापन केला, आणि हातपाय गमावलेल्या माणसांना पुन्हा उभे करण्याचे कार्य त्या न्यासाने हाती घेतले.